तंगुसाचा पीळ आणि भोवरकडी

प्रश्न : मी मलप्रभेच्या काठी राहतो. इतकी वर्षे बांबूच्या काठीला गळ बांधून मासे धरीत असे. गेल्या वर्षी रीळ असलेला रॉड घेतला. मरळीसाठी स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचे नकली आमिष, टाकतो, पण दहा-पंधरा फेकींतच तंगुसाला पीळ बसतो आणि रिळावरून वेटोळी सुटतात. दुकानदाराने भोवरकड्यांचे पाकीट दिले. एक स्पिनरला, एक वर शिशापाशी लावली, तरी पीळ तसाच आहे. आणखी कड्या लावाव्यात का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : कड्या वाढवू नयेत, जितक्या कड्या तितक्या गाठी, आणि तंगूस तुटतो तो बहुधा गाठीपाशीच. गुरांच्या साखळीत भोवरकडी असते म्हणून जनावर खुंट्याभोवती फिरले तरी साखळीला पीळ बसत नाही. स्पिनरच्या बाबतीत तिचे काम तेच. मात्र पाकिटात मिळणारी साधी पितळी कडी ओढ पडली की जवळजवळ अडकते. तिला दोन किलोची पिशवी टांगून फिरवून पाहावे, म्हणजे आपल्यालाच कळेल. छर्रे बसवलेली, म्हणजे बॉल बेअरिंगची कडी ओढीतही फिरते. ती महाग असली तरी अशी एकच पुरते. कड्यांचे क्रमांक उलटे चालतात, १० क्रमांकाची कडी ४ क्रमांकाच्या कडीपेक्षा लहान असते. तंगुसाची ताकद पेलेल अशी लहानात लहान निवडावी. ती स्पिनरच्या नाकाशी न लावता ३० ते ४५ सेंटिमीटर वर बांधावी आणि तंगूस गुंडाळताना भोवरकडी रॉडच्या टोकाच्या वळ्यावर आदळण्यापूर्वी हात थांबवावा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतो. सरकते शिसे वापरत असाल, तर शिसे आणि गाठ यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक मणी घालावा, म्हणजे शिशाचे ठोके गाठीवर बसत नाहीत. (चीर असलेले शिसे तंगुसावर दातांनी दाबण्याची आपल्याकडे सवय आहे, शिसे विषारी असल्याने त्यासाठी पक्कडच वापरावी.)

आता मुख्य शंका. मासा ओढीत असताना, ड्रॅग (जास्त ओढ पडली की तंगूस सुटू देणारा रिळाचा ब्रेक) घसरून तंगूस बाहेर जात असतानाही आपण मूठ फिरवीत राहता का? आपल्यासारख्या रिळांत मुठीच्या एका फेऱ्यात तंगूस गुंडाळणारी चौकट सुमारे पाच वेळा फिरते, आणि तंगूस आत येत नसेल तर ते पाचही फेरे पीळ होऊन त्यात बसतात. हा पीळ हातातून येतो, स्पिनरमधून नव्हे. त्यामुळे उत्तमातली उत्तम कडीही त्याला पुरी पडत नाही. ड्रॅग घसरू लागला की मूठ थांबवावी, रॉड हळूच वर उचलावा आणि तो खाली आणतानाच गुंडाळावे.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. सुदैवाने नायलॉनचा बराचसा जातो. स्पिनर, शिसे, कडी सारे काढून मलप्रभेच्या वाहत्या धारेत चाळीस-पन्नास मीटर मोकळा तंगूस सोडावा, दोन-तीन मिनिटे तसाच धरावा आणि ओल्या फडक्याच्या चिमटीतून परत गुंडाळावा. उन्हाळ्यात धार आटलेली असेल, तर तोच तंगूस गवताच्या मोकळ्या रानातून ओढत न्यावा. ज्या ठिकाणी मुरड पडून तंगूस पांढरा झाला असेल, तेथून तो कापून टाकावा. तेवढ्या भागावर कितीही चांगली कडी बांधली तरी पहिल्या मोठ्या मरळीला तो तुटेल.