सही करण्याआधी वर्क पॅकेजचा तक्ता मागवा

मॅडम, तुमचा प्रश्न नीट वाचला. तालुक्याच्या गावातलं अनुदानित महाविद्यालय, राज्य विद्यापीठाशी संलग्न. युरोपातल्या एका विद्यापीठाने प्राचार्यांना मेल केलाय की 'इरॅस्मस प्लस' या युरोपीय संघाच्या शिक्षण कार्यक्रमातल्या कपॅसिटी बिल्डिंग, म्हणजे संस्थांची क्षमता वाढवण्याच्या, योजनेत पाणी व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमावर प्रकल्प करतोय, भागीदार व्हा, आणि आठ दिवसांत संस्थेची माहिती व सहीचं पत्र पाठवा. प्राचार्यांचं म्हणणं, सही करून टाकू, आपलं काय जातंय, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दाखवता येईल. तुम्ही विचारताय की हे खरं आहे का, पैसे किती मिळतील, आणि यात पडावं का.

योजना खरी आहे, आणि माझं मत विचाराल तर जरूर पडा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात मी बराच काळ हेच काम पाहिलंय. अशा भागीदारीतून खरोखर बदललेले विभागही पाहिलेत आणि नुसतं बोधचिन्ह छापून आलेली कॉलेजंही पाहिलीत. फरक एकाच गोष्टीने पडतो. प्रकल्पामुळे आपल्या संस्थेत नेमकं काय बदलणार आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे अर्ज जाण्याआधी ठरलेलं असावं लागतं. मंजुरी आल्यावर ते ठरवायला बसलात तर उशीर झालेला असतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण त्यावरून योजनेचा स्वभाव कळतो. बर्लिनची भिंत पडल्यानंतर १९९० मध्ये युरोपीय समुदायाने 'टेम्पस' नावाचा कार्यक्रम सुरू केला, आधी पोलंड आणि हंगेरीसाठी. तिथल्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम आणि कारभार नव्याने उभे करायचे होते, आणि त्यासाठी पश्चिम युरोपातल्या विद्यापीठांशी जोड्या लावून निधी द्यायचा अशी कल्पना होती. पुढे त्यात जुन्या सोव्हिएत संघातले देश, पश्चिम बाल्कन, भूमध्य समुद्राकाठचे अरब देश आले. चार टप्पे होत टेम्पस २०१३ पर्यंत चालला. शेवटच्या टप्प्यात दोन प्रकारचे प्रकल्प होते. एक विद्यापीठांच्या पातळीवरचे, दुसरे देशाच्या उच्च शिक्षण व्यवस्थेच्या पातळीवरचे, ज्यांत मंत्रालयाला सोबत घ्यावं लागायचं. म्हणजे काही बदल विद्यापीठाच्या आवाक्यातले असतात आणि काहींना सरकार लागतं, हे योजनेच्या रचनेतच मान्य केलेलं होतं. आपल्याकडे आपण हे विसरतो.

भारत टेम्पसमध्ये नव्हता. २०१४ पासून टेम्पससारखे युरोपचे कार्यक्रम इरॅस्मस प्लसखाली एकत्र आले आणि कपॅसिटी बिल्डिंगचं दार आपल्या विद्यापीठांनाही उघडलं. स्पेनच्या बिल्बाओमधल्या द्युस्तो विद्यापीठाने चालवलेला 'ट्यूनिंग इंडिया' हा त्याच काळातला प्रकल्प. सध्याचा कालखंड २०२१ ते २०२७ आहे आणि त्यात तीन स्तर आहेत. पहिला कमी अनुभवाच्या संस्थांसाठी, २ ते ४ लाख युरो. दुसरा ४ ते ८ लाखांचा, त्यात उद्योगांशी जोडणी आणि नवे अभ्यासक्रम यांवर भर. तिसरा ६ लाख ते १० लाखांचा, आणि तिथे मंत्रालय हवंच. तुमच्यासारख्या कॉलेजला पहिला स्तर योग्य. मेलमध्ये कोणता स्तर ते लिहिलेलं नसेल तर सगळ्यात आधी तेच विचारा.

आता पैशाचं. समजा पहिल्या स्तराचा पूर्ण ४ लाखांचा प्रकल्प मिळाला, भागीदार ८, मुदत ३ वर्षं. सरसकट वाटले तरी प्रत्येकी ५० हजार युरो, म्हणजे वर्षाला साधारण साडेसोळा हजार. युरोला ढोबळमानाने शंभर रुपये धरले तर साडेसोळा लाख. प्रत्यक्षात समन्वयक संस्थेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे तुमच्या हातात याहून कमी येईल. त्यातूनच प्रवास, प्रशिक्षण, थोडी उपकरणं आणि मनुष्यबळ. शिवाय युरोपीय निधी ९० टक्क्यांपर्यंतच असतो, उरलेला भार भागीदारांनी उचलायचा. प्रयोगशाळा बांधून होईल अशी आशा संस्थाचालकांना दाखवू नका. ती नंतर तुमच्याच अंगावर येते.

आणखी एक गोष्ट कॉलेजांच्या लक्षात येत नाही. आता हा निधी ठोक रकमेच्या पद्धतीने मिळतो. पूर्वी प्रत्येकाने किती दिवस काम केलं याचे तक्ते भरावे लागत, कर्मचारी खर्चाला ४० टक्के आणि उपकरणांना ३० टक्क्यांची मर्यादा होती. आता प्रकल्पाचे भाग पाडलेले असतात, त्यांना वर्क पॅकेज म्हणतात, आणि प्रत्येक भागाला रक्कम ठरलेली असते. तो भाग पूर्ण झाला तर ती रक्कम, अर्धवट राहिला तर त्या रकमेला कात्री. कागदपत्रं कमी झाली हे चांगलंच, पण त्यामुळे कोणाचं नाव कोणत्या भागापुढे आहे याला सगळं महत्त्व आलं.

म्हणून तुम्ही आज करायचं काम म्हणजे त्यांच्याकडून वर्क पॅकेजचा तक्ता मागवणं. तो आला की आपल्या कॉलेजचं नाव शोधा. बहुतेक वेळा चित्र असं दिसतं: पहिला भाग व्यवस्थापन, समन्वयकाकडे. दुसरा गरजांचा अभ्यास, तिसरा अभ्यासक्रमाची आखणी, चौथा शिक्षक प्रशिक्षण, हे युरोपातल्या दोन विद्यापीठांकडे. पाचवा प्रसार, म्हणजे संकेतस्थळ, माहितीपत्रक आणि समारोपाची परिषद. तिथे भारतीय भागीदारांची नावं ओळीने. असा तक्ता आला तर समजायचं की आपल्याकडून संख्या भरून घ्यायची आहे. नियमच तसा आहे: युरोपातल्या उच्च शिक्षण संस्थांची संख्या बाहेरच्या देशांतल्या संस्थांपेक्षा जास्त असून चालत नाही. म्हणून अर्जाची तारीख जवळ आली की भागीदारांची शोधाशोध सुरू होते. अर्जाची मुदत साधारण फेब्रुवारीत असते. जानेवारी अखेरीस आलेला 'आठ दिवसांत पाठवा' हा मेल त्यातलाच.

यात समोरच्याची लबाडी असतेच असं नाही. त्यांनाही आपल्याकडची कॉलेजं ठाऊक नसतात. तुम्ही स्वतःहून म्हणालात की गरजांचा अभ्यास आम्ही करतो, आमच्या तालुक्यातल्या पाणी वापर संस्था, भूजल सर्वेक्षणाचे लोक, शेतकरी यांच्याशी बोलून करतो, तर चांगला समन्वयक ते आनंदाने मान्य करतो. परीक्षकांनाही ते हवंच असतं. १०० पैकी ३० गुण प्रकल्पाच्या समर्पकतेला आहेत आणि किमान ६० गुण मिळाल्याशिवाय निधीचा विचारच होत नाही. अवर्षणग्रस्त तालुक्यातलं कॉलेज आपल्याच पाण्याचा प्रश्न मांडतंय, हा अर्जाचा सगळ्यात भक्कम भाग होऊ शकतो. तुमच्याजवळ देण्यासारखं आहे हे आधी स्वतःला पटू द्या, मग वाटाघाटी करा.

आता मुख्य अडचण. तुमचं कॉलेज संलग्न आहे. अभ्यासक्रम बदलण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही, प्राचार्यांकडेही नाही. तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळातून विद्या परिषदेत जातो. युरोपातल्या लोकांना ही संलग्नतेची व्यवस्था माहीत नसते. त्यांच्याकडे विभागाने ठरवलं की पुढच्या वर्षी विषय सुरू होतो. इकडे काय होतं? तीन वर्षं खपून उत्तम मोड्यूल तयार होतं, शिक्षक बाहेर जाऊन शिकून येतात, आणि शेवटच्या वर्षी कळतं की अभ्यासक्रम नुकताच लागू झालाय, आता बदल पुढच्या आवर्तनात. एका विभागात मी अशी मोड्यूलं कपाटात पाहिली आहेत. स्पायरल बाइंडिंग केलेली, मुखपृष्ठावर निळा झेंडा आणि बारा तारे, आत उत्तम आकृत्या. एकाही विद्यार्थ्याला ती शिकवली गेली नव्हती. उपकरणांची नोंद मात्र डेड स्टॉक रजिस्टरमध्ये व्यवस्थित होती. मेहनत करणाऱ्या माणसांचं याने खूप वाईट वाटतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे.

टाळायचे तीन रस्ते मला माहीत आहेत. पहिला, विद्यापीठालाच भागीदार करून घ्या, आणि अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना अर्ज लिहिण्याच्या वेळीच बोलवा. नंतर 'माहितीस्तव' पत्र पाठवून उपयोग होत नाही. दुसरा, तुमच्या जिल्ह्यात स्वायत्त महाविद्यालय असेल तर त्याला सोबत घ्या. त्यांचं अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद त्यांची स्वतःची असते, तिथे विषय आधी सुरू होईल आणि तुम्हाला दाखवायला नमुना मिळेल. तिसरा सगळ्यात व्यवहारी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२३ च्या शासन निर्णयाने जी श्रेयांकांची (क्रेडिट्सची) रचना आली, तिच्यात खुले ऐच्छिक विषय, कौशल्य विषय, क्षेत्रकार्य, समुदाय सहभाग अशा जागा आहेत. मुख्य विषयाला हात लावण्यापेक्षा दोन श्रेयांकांचा कौशल्य विषय मंजूर करून घेणं कितीतरी सोपं. तेही जमलं नाही तर ३० तासांचा मूल्यवर्धित अभ्यासक्रम कॉलेजच्या पातळीवर लगेच सुरू होतो. नॅकलाही तो चालतो, म्हणजे प्राचार्यांचंही समाधान.

यातलं जे ठरेल ते अर्जात स्पष्ट लिहून घ्या. 'नवा अभ्यासक्रम तयार करणे' एवढ्यावर सोडू नका. 'दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दोन श्रेयांकांचा विषय अभ्यास मंडळाकडून मंजूर' असं लिहा. वर्क पॅकेज पूर्ण झालं की नाही हे त्यावरच ठरणार असल्याने सगळ्यांनाच त्याचा पाठपुरावा करावा लागतो.

पैसे येण्याचा मार्ग आत्ताच तपासा. तुमचं कॉलेज ट्रस्टचं आहे, म्हणजे परदेशातून निधी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागेल किंवा त्या विशिष्ट निधीसाठी पूर्वपरवानगी. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एका संस्थेने घेऊन दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्यामुळे 'विद्यापीठाकडे येऊ दे, मग आपल्याला वळवतील' हा बेत मनातून काढून टाका. संस्थेच्या सी.ए.ना सही करण्याआधी बसवा. नोंदणी नसेल तर निधी न घेता सहयोगी भागीदार म्हणून राहता येतं. काम करता येतं, शिकता येतं, हिशेबाची जबाबदारी येत नाही. पहिल्या प्रकल्पाला हे कमीपणाचं मुळीच नाही.

मेल खरा आहे का हे ओळखणं सोपं आहे. त्या विद्यापीठाकडे इरॅस्मस चार्टर आहे का ते पाहा, युरोपातल्या उच्च शिक्षण संस्थांना त्याशिवाय भाग घेता येत नाही. इरॅस्मस प्लसच्या प्रकल्पांच्या जाहीर यादीत त्यांचे आधीचे प्रकल्प सापडतील. त्यातल्या एखाद्या भारतीय किंवा नेपाळी भागीदाराला सरळ मेल करून अनुभव विचारा, लोक मोकळेपणाने सांगतात. नोंदणीसाठी, भागीदारीसाठी किंवा 'कन्सल्टन्सी' म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. संस्थेची ओळख म्हणून वापरला जाणारा नऊ अंकी पिक क्रमांक युरोपीय आयोगाच्या पोर्टलवर विनाशुल्क मिळतो. तो तुम्ही स्वतः काढा, दुसऱ्याला काढू देऊ नका, कारण पुढच्या प्रत्येक अर्जाला तोच लागणार.

माणसांबद्दल एक कळकळीची विनंती. प्रशिक्षणाला कोण जाणार हे सेवाज्येष्ठतेवर ठरवू नका. निवृत्तीला वर्ष उरलेल्यांना पाठवलं तर शिक्षण त्यांच्याबरोबर जातं. दुसरीकडे, वर्गात प्रत्यक्ष शिकवणारे निम्मे लोक तासिका तत्त्वावर असतात आणि त्यांची पुढच्या वर्षीची नेमणूक कोणालाच ठाऊक नसते. कायम नोकरीतले दोघे तरुण आणि तासिका तत्त्वावरचा एक असं पथक करा, आणि आल्यावर विभागातल्या सगळ्यांना शिकवायचं हे लेखी ठरवा. तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींना यातून पुढच्या संशोधनाची वाट सापडलेली मी पाहिली आहे.

हा अर्ज नाही जमला तरी वाट बंद होत नाही. इरॅस्मस प्लसमध्येच शिक्षक-विद्यार्थी देवाणघेवाणीचा वेगळा भाग आहे. अर्ज युरोपातलं विद्यापीठ करतं, तुम्हाला फक्त आंतरसंस्थात्मक करार लागतो. ओळख वाढवायला तो उत्तम. ब्रिटनसाठी २००६ पासूनचा युकिएरी हा भारत-ब्रिटन शैक्षणिक सहकार्याचा कार्यक्रम आहे. केंद्र सरकारचे ग्यान आणि संशोधन सहकार्याचा स्पार्क हे कार्यक्रमही आहेत, पण स्पार्कचा कल क्रमवारीत वर असलेल्या संस्थांकडे आहे. ग्यानमध्ये परदेशी प्राध्यापक इकडे येऊन छोटा अभ्यासक्रम घेतात, त्याला तुमचे शिक्षक हजेरी लावू शकतात.

आता मेलचं उत्तर. नम्रपणे लिहा की आम्हाला रस आहे. चार गोष्टी मागा: कोणता स्तर, वर्क पॅकेजचा तक्ता, भागीदारांची यादी, आमच्या वाट्याची अंदाजे रक्कम. दोन गोष्टी द्या: गरजांच्या अभ्यासाची जबाबदारी घ्यायची तयारी, आणि संलग्नतेची व्यवस्था समजावणारा एक परिच्छेद. आठ दिवसांत हे सगळं होण्यासारखं आहे. त्यांच्याकडून तक्ता आला की संस्थांची नावं झाकून इथे टाका, मी आणि इथले इतर जाणकार ओळीने वाचून सांगू. तोवर सी.ए.ची भेट आणि अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना फोन, एवढं उरकून घ्या.