वाचकांचे प्रश्न : ‘सगळ्यांचे ग्रुप पडले, मी कुठेच नाही’

प्रश्न : मॅडम, कॉलेजला येऊन दीडेक महिना झाला. पहिलं सेमिस्टर, आणि हॉस्टेलही पहिल्यांदाच. सगळ्यांचे ग्रुप पडलेत, मी कुठल्याच ग्रुपमध्ये नाही. रूममेट स्वभावाने चांगली आहे, पण तिची शाळेतली मैत्रीण वरच्या मजल्यावर राहते, ही कायम तिकडेच असते. मेसमध्ये मी गर्दी ओसरल्यावर जाते. लेक्चरला मिळेल त्या जागेवर बसते. रात्री आईशी व्हिडिओ कॉल होतो, तो सहज दोन तास चालतो आणि शेवटी मी रडते. शाळेत मी कायम पहिल्या तिनांत असायचे. इथे पहिल्या इंटर्नलला 20 पैकी 7 मिळाले. मी इथली नाहीच असं वाटतं. शाखा बदलू की सरळ घरी परत जाऊ?

उत्तर : निदान या सेमिस्टरला दोन्ही नको. शाखा बदलायची शेवटची तारीख ऑफिसात विचार, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव आणि तोवर तो विषय बाजूला ठेव.

आता तुझंच पत्र पुन्हा वाच. मेसला उशिरा, वर्गात रोज वेगळी जागा, रात्री खोलीत कॉल. म्हणजे सलग दोन दिवस एकाच ठिकाणी तू कुणाला दिसतच नाहीस. मग ओळख होणार कशी? आपल्यासारखं कुणीतरी भेटेल, मग मैत्री होईल, असा तुझा हिशेब दिसतो. पहिल्या वर्षाच्या बॅचेसना फिजिक्सची प्रॅक्टिकल्स शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि मला हे नेहमी उलटं घडताना दिसलं. रोल नंबर लागोपाठ आले म्हणून एका टेबलावर पडलेली, एकमेकांशी काही म्हणता काही न जुळणारी पोरं वर्षअखेरीला एकमेकांची जर्नलं पूर्ण करून देत असतात. (ते मला दिसत नाही असा त्यांचा समज असतो.)

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत कोणाचं कोणाशी जमतं याची पाहणी केली होती, ती 1950 मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच मजल्यावर अगदी शेजारच्या दारातल्या माणसाशी मैत्री असण्याचं प्रमाण 41 टक्के निघालं आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी फक्त 10. दारांमधलं अंतर होतं काही पावलांचं. जिन्यालगत राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही जास्त होत्या, कारण वरचे लोक येता-जाता त्यांच्याच दारावरून जायचे. आवडीनिवडी जुळतात का, हे पाहण्याची पाळी त्यानंतरची.

तेव्हा उद्यापासून वर्गात एक जागा धर आणि रोज तिथेच बस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेजारची मुलगी आपणहून बॅग सरकवेल. मेसला ऐन गर्दीत जा, टेबल ठरलेलं ठेव. ‘इथे कुणी बसलंय का?’ एवढं विचारलंस तरी पहिल्या आठवड्याला पुरे.

आईचा कॉल बंद करू नकोस, पण त्याची वेळ हलव. रात्री जेवणानंतरचे ते दोन तास म्हणजे हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये खरी जाग असण्याची वेळ. कुणी चार्जर मागायला येतं, कुणी उद्याचं सबमिशन खरंच आहे का विचारतं, त्यातून गप्पा सुरू होतात. नेमक्या त्याच वेळी तू रोज मनाने घरी असतेस. संध्याकाळी मेसच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं आईशी बोल आणि जेवून आल्यावर खोलीचं दार उघडं ठेवून बस. अभ्यास होणार नाही, हे मान्य. पहिल्या सेमिस्टरला तेवढा अभ्यास बुडाला तरी चालेल, असं माझं शिक्षिका असूनही मत आहे.

आणि थोडा धीर धर. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मैत्रीला लागणाऱ्या तासांचा अंदाज मांडला. त्यांच्या पाहणीत कॉलेजात नुकतेच आलेले विद्यार्थीही होते. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास, घट्ट मैत्रीला 200 च्या वर. त्यातही वर्गात किंवा कामावर एकत्र काढलेले तास फारसे कामी आले नाहीत. उपयोगी पडल्या त्या रिकामटेकड्या गप्पा.

हे वाचलं तेव्हा मला आमची डार्करूम आठवली. स्पेक्ट्रोमीटरच्या प्रयोगाला सोडियमचा दिवा लागतो. बटण दाबलं की तो लगेच पिवळा होत नाही. आत थोडा निऑन असतो, म्हणून आधी लालसर-गुलाबी पेटतो, सोडियमची वाफ होईल तसतसा पिवळा होत जातो. तेवढी काही मिनिटं रीडिंग घेता येत नाही आणि बाहेरही जाता येत नाही. गाव कुठलं, आधीची शाळा कुठली, कुठले सर कसे बोलतात, ही सगळी चौकशी तेवढ्यात उरकते. एकदा रीडिंग सुरू झालं की एक आकडे सांगणार, दुसरा लिहिणार, गप्पा बंद. तुझ्या दिवसात अशा रिकाम्या जागा कुठे आहेत ते बघ. लेक्चर सुटल्यावर लगेच हॉस्टेल गाठू नकोस, लॅबचं दार उघडायच्या दहा मिनिटं आधी बाहेर जाऊन उभी राहा. क्लब वगैरे म्हणशील तर एकच निवड आणि दर आठवड्याला जा. पाच ठिकाणी नाव घालणारी मुलं कुठेच टिकत नाहीत.

‘मी इथली नाहीच’ या वाटण्याबद्दल. तुझ्या मजल्यावरच्या निम्म्या जणींना हेच वाटत असेल, पण त्या ग्रुपमध्ये हसत असल्यामुळे तुला ते दिसत नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना सिनियर्सचे अनुभव वाचायला दिले होते. सुरुवातीला आम्हालाही परकं वाटायचं, पुढे ते गेलं, एवढाच त्यांचा मथितार्थ. तासाभराचं काम. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या गटातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे मार्क पुढची तीन वर्षं सुधारत गेलेले दिसले. तेव्हा एखाद्या सिनियरला गाठ आणि तिचं पहिलं सेमिस्टर कसं गेलं ते विचार. बहुतेक जणी अगदी रंगवून सांगतात.

आता ते 7 मार्क. शाळेत बाई धडा तीनदा फिरवून घेतात, इथे एकदा शिकवून पुढे जातात. पेपर घेऊन सरांच्या केबिनमध्ये जा. ‘मी पास होईन ना?’ असं विचारू नकोस, त्याला सर ‘अभ्यास कर’ याखेरीज काय म्हणणार? एका गणितावर बोट ठेव आणि ‘ही पायरी इथे का चुकली?’ असं विचार. आणि नोट्स पुन्हा पुन्हा वाचत बसण्याऐवजी वही मिटून आठवेल ते लिहून काढ. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

एक मात्र गंभीरपणे सांगते. दोन आठवडे सलग झोप किंवा जेवण तुटलं असेल, सकाळी अंथरुणातून उठवत नसेल, तर वरचं सगळं राहू दे आणि कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा. जगणं नको असा विचार आला तर त्याच दिवशी, रूममेटला सोबत घेऊन जा.

प्रश्न : ताई, मुलगा हॉस्टेलला गेल्यापासून फोनच करत नाही. मेसेजला ‘हो’, ‘ठीक’ एवढंच उत्तर. त्याचे बाबा म्हणतात, रेक्टरांना फोन लावू. लावावा का?

उत्तर : मुळीच नको. रेक्टर त्याला चार पोरांसमोर ‘घरी फोन कर रे’ म्हणतील आणि पुढचा महिनाभर त्याला तेच ऐकावं लागेल. उत्तर येतंय, म्हणजे मुलगा ठीक आहे. आठवड्यातला एक वार त्यालाच ठरवू द्या आणि त्या वेळी तुम्ही मोकळ्या राहा. ‘जेवलास का’ हे विचारून झालं की त्याच्या रूममेटबद्दल विचारा, पोरं त्यावर बरंच बोलतात. उत्तरं यायचीच थांबली, तर मात्र आधी रूममेटला फोन करा, म्हणून त्याचा नंबर आत्ताच मागून ठेवा.