जुन्या गाडीचा हीटर गार हवा फेकतो, मेकॅनिक म्हणतो कॉइल बदला. बदलावी का?

तुमची गाडी 2005 ची, पेट्रोल. पहाटे पेंचला जाताना हीटर पूर्ण लाल खुणेवर ठेवला तरी शहरात कोमट वारा आणि हायवेला लागलं की तोही गार. मेकॅनिकने हीटर कॉइल, म्हणजे डॅशबोर्डमागचा गरम पाण्याचा छोटा रेडिएटर, गेली म्हणून डॅशबोर्ड खोलायचा खर्च सांगितला आहे, तो वाजवी आहे का, असा प्रश्न.

डॅशबोर्डला हात लावू देऊ नका. आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणारा वॉल्व्ह, जागेवर आहे की नाही ते बघा.

हायवेवर हवा आणखी गार होते, ही सगळ्यात मोठी खूण. कॉइल चोक असती तर इंजिनाचे फेरे वाढल्यावर पाणी जरा जोरात फिरून हवा झालीच तर थोडी गरम झाली असती. तुमच्याकडे इंजिनच गार पडतंय. तापमानाचा काटाही अर्ध्याच्या बराच खाली राहत असेल.

आपल्याकडे हा रोग जुना आहे. मे महिन्यात गाडी तापली की पहिला इलाज ठरलेला: "भाऊ, नागपूरच्या उन्हात वॉल्व्ह कशाला पाहिजे, काढून फेकू." या एका वाक्यावर माझं अनेक मिस्त्रींशी वाजलं आहे, म्हणून हे लांबणार. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. ठरलेल्या तापमानाला, बहुतेक 82 किंवा 88 अंशांना, ते वितळून फुगतं आणि तबकडी ढकलतं. आणखी दहा-बारा अंश वर गेलं की वॉल्व्ह पूर्ण उघडा. मे 2013 मध्ये इथे 47.9 अंश झाले होते; तशा दुपारी तो चालत्या गाडीत उघडाच असतो, कोणाला अडवत नाही. अडवतो तो हिवाळ्यात आणि सकाळी इंजिन सुरू केल्यावर. तेव्हा पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिन आणि हीटरमध्येच फिरतं.

त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच इंजिनांत याच वॉल्व्हची खालची तबकडी बायपासचं भोक बंद करते. वॉल्व्ह काढला की ते भोक कायमचं उघडं, आणि थोडं पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात. थंडाव्यासाठी केलेला उपाय उन्हाळ्यात उलटा पडतो. शिवाय गार इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजतो, ते सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, मायलेज पडतं.

अशी एक गाडी मी उघडली होती. हाउसिंगचे दोन 10 नंबरचे बोल्ट काढले, तर आत रिकामी वाटी. गॅस्केटच्या जागी लाल सिलिकॉनचा थर, त्याचा एक लोंबता तुकडा पाइपच्या तोंडात. पाणी चहाच्या रंगाचं, आणि वाटीच्या कडेला बोअरच्या पाण्याची पांढरी खपली, नखाने खरवडली तर कवचासारखी निघाली. तो मालकही कॉइलचेच पैसे मोजायला निघाला होता.

तुम्ही घरी हे करा. रात्रभर गार पडलेली गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावा. पहिली काही मिनिटं तो गारच राहिला पाहिजे आणि मग एकदम गरम. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल्व्ह नाही किंवा उघडा अडकला आहे. नवा बसवायच्या आधी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडला तर ठीक. हे शक्यतो मिस्त्रीसमोरच करा. बसवताना त्यातली छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला, नाहीतर हवा अडकते.

आता कॉइल. इंजिन गरम झाल्यावर फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, शिरणारे हीटरचे दोन पाइप चाचपा. दोन्ही कडक गरम असतील तर पाणी फिरतंय, दोष गरम-गार हवा वळवणाऱ्या आतल्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये. एक गरम आणि एक गार असेल तर कॉइल चोक किंवा पाण्याचा कॉक बंद. दोन्ही कोमट म्हणजे थर्मोस्टॅट, कमी कूलंट किंवा एअरलॉक (पाण्यात अडकलेली हवा). रेस दिली की गरम, आयडलला गार, असं असेल तर अडकलेली हवा किंवा वॉटर बॉडीचा, म्हणजे पाण्याच्या पंपाचा, झिजलेला पंखा. हे दोन पाइप एकमेकांनाच जोडलेले नाहीत ना, तेही बघा. एसी जास्त गार व्हावा म्हणून कोणीतरी कधीतरी बायपास करून ठेवतो आणि गाडी विकतो.

चोक कॉइल बदलायच्या आधी उलटी धुवा. दोन्ही पाइप सोडा, पाणी जिथून बाहेर पडतं त्या तोंडातून बागेच्या पाइपने हलक्या दाबाने सोडा, स्वच्छ येईपर्यंत. प्रेशर वॉशर लावलात तर जुनी कॉइल फाटेल. गळती बंद करायची पावडर टाकू नका, ती सगळ्यात आधी याच बारीक नळ्यांत बसते. काचेवर चिकट धुकं, गोडसर वास किंवा पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं असेल तर मात्र कॉइल खरंच फुटली आहे आणि डॅशबोर्ड खोलावाच लागेल.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत टाकतात ते, अ‍ॅसिड नव्हे) अर्धं-अर्धं. "इथे बर्फ पडतो का?" हा दुसरा लाडका युक्तिवाद. कूलंट गंजही थांबवतं, उकळबिंदूही वाढवतं. गाडीचं नाक चढाकडे ठेवा, सेमिनरी हिल्सचा उतार चालेल, हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरची कॅप उघडी, रेडिएटरचा फॅन एकदा फिरेपर्यंत आयडल आणि पातळी भरत राहा.

आणि हो, कॅप इंजिन गार असतानाच उघडा. 0.9 बार दाब धरणाऱ्या कॅपखाली साधं पाणीही 118 अंशांच्या आसपास द्रवच राहतं. गरम असताना कॅप फिरवली की ते वाफ होऊन तोंडावर येतं. काढलेलं कूलंट नालीत ओतू नका, गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात.