गोचीड ताप : ताप उतरला, तरी गाय का खालावते?

प्रश्न : आमच्या एचएफ संकरित गायीला 106 अंश ताप होता, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली होती. थायलेरियाचे (गोचिडांमुळे पसरणाऱ्या, रक्तातील परजीवीच्या आजाराचे) निदान होऊन बुपार्वाक्वोनचे इंजेक्शन झाले. ताप उतरला, पण चौथ्या दिवशी ती धापा टाकू लागली, चारा सोडला. औषध लागू पडले नाही का? सलाईन लावावे का? (दूध उत्पादक, ता. संगमनेर)

उत्तर : ताप उतरला म्हणजे औषध बहुधा लागू पडले आहे. पण ते परजीवी मारते, फुटून गेलेल्या तांबड्या पेशी परत आणत नाही. शिवाय बाधित पेशी पुढचे काही दिवस प्लीहेत नष्ट होतच राहतात. म्हणून खरा धोका बरेचदा ताप उतरल्यावरच सुरू होतो.

आज आधी खालची पापणी ओढून पाहा. ती कागदासारखी पांढरी असेल आणि नाकपुड्या कोरड्या असतील, तर धाप रक्त कमी झाल्याची आहे. नाकातून फेस येत असेल, श्वासाला घरघर असेल, तर फुप्फुसात पाणी साचले आहे. या दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्यात रक्त द्यावे लागते, दुसऱ्यात पाणी उतरवणारे फ्युरोसेमाइड. चार-पाच बाटल्या सलाईन भराभर सोडले, तर पहिल्या गायीचे उरलेले रक्त आणखी पातळ होते आणि दुसरी अक्षरशः आतून बुडते. त्यामुळे डॉक्टरांना सलाईनचा आग्रह कृपया धरू नका.

हिमोग्लोबिन तपासून घ्या. निरोगी गायीत ते 100 मिली रक्तात 8 ते 15 ग्रॅम असते. 5 च्या खाली आले आणि गाय उभी राहीना, तर रक्त देण्याचा निर्णय उद्यावर टाकू नये. 400 किलोची धडधाकट गाय एका वेळी 4 लिटर रक्त सहज देते. मात्र पूर्वी हा आजार होऊन गेलेली गाय दाती म्हणून निवडू नका. ती वरून ठणठणीत दिसली, तरी तिच्या रक्तात परजीवी टिकून असतो. गायीला आयुष्यात पहिल्यांदा रक्त देताना सहसा त्रास होत नाही. तरीही पहिली 15-20 मिनिटे थेंबाथेंबाने द्यावे. अंग थरथरले किंवा धाप वाढली, तर लगेच थांबवावे.

शेणही रोज पाहा. ते डांबरासारखे काळे, चिकट झाले, तर चौथ्या पोटात व्रण पडून रक्त झिरपते आहे. अशा वेळी ताप-वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम, फ्लुनिक्सिन देणे घातक ठरते. गाय गाभण असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण स्टेरॉइडने ती गाभडू शकते.

आता बुपार्वाक्वोनच्या मात्रेबद्दल. वजन नजरेने ठरवले की औषध हमखास कमी पडते. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी इंचात मोजा. घेर × घेर × लांबी, भागिले 660, म्हणजे किलोमधले वजन. घेर 70 आणि लांबी 56 असेल, तर सुमारे 416 किलो. किलोला 2.5 मिलिग्रॅम या हिशेबाने, 50 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या बाटलीतून सुमारे 21 मिली लागते. ते मानेच्या स्नायूत खोलवर, एका जागी 10 मिलीपेक्षा जास्त नाही, म्हणजे तीन जागी टोचतात. शिरेतून किंवा कातडीखाली मुळीच नाही. दुसऱ्या मात्रेची गरज 48 ते 72 तासांनी तपासतात. उपचार चालू असताना आणि नंतर किमान दोन दिवस दूध डेअरीला घालू नका.

प्रश्न : शेजारच्या गायीला लाल लघवी होते आहे. तिलाही हेच इंजेक्शन चालेल का?

उत्तर : नाही. ताप असून लघवी कॉफीच्या रंगाची असेल, तर बबेसियाचा (गोचिडांमुळेच होणाऱ्या दुसऱ्या परजीवी आजाराचा) संशय घ्यावा. त्यावर डायमिनाझिन किंवा इमिडोकार्ब चालते. उलट, डायमिनाझिन थायलेरियावर चालत नाही. या अदलाबदलीत दोन दिवस जातात, आणि वाचवायची वेळ तीच असते. गाय नुकतीच व्यालेली आणि ताप मुळीच नसेल, तर फॉस्फरसची कमतरताही असू शकते. म्हणून इंजेक्शनआधी कानाच्या टोकाचे रक्त काचपट्टीवर घ्यायला लावा. थायलेरियाचा संशय असेल, तर सुजलेल्या गाठीतले पाणीही.

प्रश्न : गाईवर फवारणी करूनही गोचीड येतातच. काय चुकते?

उत्तर : बहुतेक वेळा भिंती राहून जातात. थायलेरिया पसरवणारा हायलोमा गोचीड रक्त पिऊन खाली उतरतो आणि भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या सांध्यांत दडतो. मादी तिथेच हजारो अंडी घालते. गायीसाठी 12.5 टक्के अमित्राझ हे गोचीडनाशक लिटरभर पाण्याला 2 मिली घ्या. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या बेचक्यात हात घालून लावा, हातमोजे घालूनच. भेगा आधी सिमेंटने बुजवा, उरलेल्या जागी फवारा. गोठ्यातले सुटे दगड आणि जुनी लाकडेही उचला, गोचीड त्यांच्याखाली असतात.