मेलबर्नला नर्स म्हणून येताय? मग आधी ‘एल’ ऐकायची सवय करा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नाशिकला आयसीयूत काम केलंय, ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा झाली, आता मेलबर्नच्या हॉस्पिटलमध्ये जॉइन व्हायचंय आणि भीती एकच, की पेशंट काय बोलतोय ते कळलंच नाही तर काय. मी इथेच वॉर्डात काम करते म्हणून सांगते, स्लँगचं टेन्शन घेऊ नका, ‘आर्वो’ म्हणजे दुपार वगैरे कानावर पडून पडून आपोआप येतं. खरं अडतं ते एल अक्षराच्या आधीच्या स्वराशी, आणि हे इकडे येणाऱ्यांना कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शहराचं नावच घ्या. आपण मेलबर्न म्हणतो, इथली बरीच माणसं ‘मॅल्बन’ म्हणतात. ए च्या मागोमाग एल आला की तो ए सरकून ॲ होतो. बेड बेडच राहतो, लेग लेगच, पण बेलीचं बॅली, एल्बोचं ॲल्बो, पेल्विसचं पॅल्विस, सेल्युलायटिसचं सॅल्युलायटिस, आणि ऑपरेशननंतर पेशंटला देतात ती जेली म्हणजे जॅली. ‘आय डोंट फील वॅल’ तर रोज ऐकाल. सेलरी ही भाजी आणि सॅलरी म्हणजे पगार, दोन्ही सारखेच ऐकू येतात पण तिथे वाक्यावरून कळतं हो, नावात कळत नाही. सहा नंबरला एलन आजी, नऊ नंबरला ॲलन आजोबा, आणि शिफ्ट संपताना हँडओव्हर देणारी नर्स दोघांनाही ‘ॲलन’च म्हणणार, तिला स्वतःलाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

हे अख्ख्या ऑस्ट्रेलियाचं नाही बरं का. व्हिक्टोरियाची, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याची, ही खासियत आहे, सिडनी ब्रिस्बेनला हे दोन स्वर वेगळे राहतात, पण न्यूझीलंडच्या लोकांतही हा प्रकार आहे आणि त्या नर्सेस इथे भरपूर भेटतील. मेलबर्नचे सगळे असंच बोलतात असंही नाही, आणि काही वयस्कर मंडळी तर उलटं करतात, अल्बमला एल्बम म्हणतात.

असं का होतं ते कळलं की कान लवकर सरावतो. इंग्रजीत एल दोन तऱ्हेचा. लीफ म्हणताना जीभ आपल्या ल सारखी, टोक वरच्या दातांमागे टेकतं आणि बास. पण बेल, मिल्क म्हणताना जिभेचा मागचा भाग घशाच्या बाजूला वर उचलला जातो, आवाज जाड होतो, आणि जीभ त्या तयारीत आधीपासूनच मागे सरकत असते म्हणून अलीकडचा स्वरही सोबत ओढला जातो. ऑस्ट्रेलियात सेलरीसारख्या शब्दाच्या मधला एलही बराच जाड असतो. मराठीत ल कुठेही आला तरी पातळच, लाल म्हणून बघा, दोन्ही ल सारखे. काहीजण सांगतात की तो जाड एल म्हणजे आपला ळ, ते साफ चूक आहे, ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळतं, इथे टोक मागे वळत नाही, मागचा भाग उचलला जातो. तो आवाजच आपल्याकडे नाही, त्यामुळे त्याने स्वराचं काय केलं हे आपल्या कानाला पटकन पकडता येत नाही.

आणखी एक गोंधळ. विकणे या अर्थाचा सेल आणि दुकानातला सेल आपण एकसारखेच बोलतो, इथे पहिला ‘सॅल’ आणि दुसरा साधारण ‘साइल’. टोनेल, म्हणजे पायाच्या बोटाचं नख, ते ‘टोनाइल’, ईमेल म्हणजे ‘ईमाइल’. (वेदना या अर्थाच्या पेनचंही पाइन होतं, पण त्यात एलचा काही दोष नाही.) ओ चं पण तसंच, ‘नो’ ऐकाल तर आपल्या नऊ सारखं वाटेल, पण कोल्ड, ओल्ड, शोल्डर मध्ये तोच ओ मागे जाऊन ‘कॉउल्ड’, ‘शॉउल्डर’ होतो. ‘टू’ मधला ऊ पुढे सरकून ‘ट्यू’ कडे जातो आणि ‘स्टूल’ मधला मागेच राहतो. आणि उद्या बदली होऊन ॲडलेडला गेलात तर तिथे कित्येकांच्या तोंडून एल गायबच, मिल्कचं ‘मिउक’.

आता करायचं काय. नुसत्या कानावर विसंबून पेशंटचं नाव कधीही पक्कं करू नका. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि यूआर नंबर (हॉस्पिटलचा पेशंट नंबर) हातातल्या बँडशी ताडून बघा, फोनवर कुणी नाव सांगितलं तर स्पेलिंग विचारा, ऑर्डर सांगितली तर ती परत वाचून दाखवा. यात कुणी तुम्हाला कच्चं समजत नाही, इथे जन्मलेल्या नर्सेसही हेच करतात. निघायच्या आधी एबीसी रेडिओ मेलबर्न नेटवर लावत जा, निवेदकापेक्षा फोन करणाऱ्या श्रोत्यांकडे लक्ष द्या, एलवाले शब्द आले की थांबून परत ऐका.

आणि त्यांची नक्कल अजिबात नको. आपला पातळ ल त्यांना व्यवस्थित कळतो. तुम्ही फक्त ए आणि ॲ स्वच्छ वेगळे ठेवा, एलनला एलनच म्हणा.