एकाचा लूप चुकतो, अख्खी लॅब हँग होते

प्रश्न: आमच्या कॉलेजात उबुंटू 22.04 चा एकच सर्व्हर आहे. 32 विद्यार्थी आपापल्या खात्यानं लॉगिन करून त्यावर सीची प्रॅक्टिकलं करतात. फोर्कच्या (चालू प्रोग्रामनं स्वतःची नवी प्रत, म्हणजे नवी प्रोसेस, काढायच्या) प्रॅक्टिकलला कुणा एकाचा लूप चुकला की सगळे अडकतात, मलासुद्धा लॉगिन होत नाही. वरिष्ठ म्हणतात, त्या मुलाचं खातंच बंद करा. काय करू?
– प्रयोगशाळा सहायक, अंबाजोगाई

उत्तर: ताई, खातं मुळीच बंद करू नका. फोर्क शिकताना लूप चुकणारच, आणि लेकरांनी चुकायचं ते लॅबमध्येच. लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. आमच्या गल्लीत टँकरपाशी रोज भांडणं व्हायची. मग घरटी घागरी ठरल्या आणि शेवटच्या घरालाही पाणी मिळू लागलं. तुमच्या सर्व्हरवर अजून घागरी ठरलेल्या नाहीत, एवढंच.

सगळ्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप करा. मग 'ईटीसी'मधल्या 'सिक्युरिटी' फोल्डरात 'लिमिट्स डॉट कॉन्फ' ही फाइल आहे, ती रूट (सर्व्हरचं मुख्य खातं) होऊन उघडा. तिच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी येतात: कुणाला, सॉफ्ट की हार्ड, कशावर आणि किती. ग्रुपच्या नावाआधी ॲटचं चिन्ह लावा, 'एनप्रॉक'ला, म्हणजे एका खात्याच्या प्रोसेसच्या संख्येला, सॉफ्ट 150 आणि हार्ड 200 द्या. सॉफ्ट मर्यादा विद्यार्थी स्वतः 'युलिमिट' या कमांडनं वाढवू शकतो, पण हार्डपर्यंतच. ग्रुपच्या जागी चांदणी (*, म्हणजे सगळी खाती) टाकू नका, त्यात शिक्षकांची खातीही सापडतात.

आकडा फार आवळू नका. मी एकदा 40 ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी जावाच्या तासाला एकाचाही प्रोग्राम चालेना. एनप्रॉकमध्ये थ्रेडसुद्धा (एकाच प्रोग्रामच्या आत समांतर चालणारी कामं) मोजले जातात आणि जावाचा साधा प्रोग्रामही ते भरपूर काढतो. पोरं आपलंच चुकलं समजून तासभर कोड तपासत बसली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. शिवाय ही मोजणी खात्यामागं होते. एकच खातं दोन ठिकाणी उघडलं तरी कोटा एकच.

मेमरीचं मात्र या फाइलवर सोडू नका. तिच्यातली 'आरएसएस'ची (प्रत्यक्ष वापरलेल्या रॅमची) ओळ आजच्या लिनक्सवर काहीच करत नाही. 'एएस' लावलं तर ते खऱ्या वापराऐवजी प्रोग्रामनं नुसती मागून ठेवलेली मेमरी (पत्ता-अवकाश) मोजतं, आणि जावा पुन्हा रुसतो. त्यापेक्षा सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा आणि लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) 'युजर-डॅश डॉट स्लाइस'ला ड्रॉप-इन फाइल (मूळ फाइल न बदलता जोडायची छोटी फाइल) जोडून 'मेमरीमॅक्स', म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा, द्या. ती मर्यादा तुमच्यासकट प्रत्येक खात्याला लागते, तेव्हा रॅम बघून आकडा ठरवा. फाइल ठेवल्यावर 'सिस्टमसीटीएल डेमन-रिलोड' ही कमांड द्यायला विसरू नका.

लिमिट्स डॉट कॉन्फ नव्या लॉगिनलाच लागू होते, म्हणून सगळ्यांना एकदा बाहेर पडायला लावा. डेटाबेससारख्या सेवा ती वाचत नाहीत, त्यांच्या मर्यादा सेवेच्या स्वतःच्या फाइलीत लिहाव्या लागतात.

संध्याकाळी लॅब रिकामी झाली की त्या ग्रुपमधल्या चाचणी खात्यानं आत या आणि 'युलिमिट -यू' द्या. 150 दिसलं की 300 वेळाच फिरणारा फोर्कचा लूप लावा, त्यातून निघालेल्या चाइल्ड प्रोसेसना 'स्लीप'नं थोडा वेळ झोपवून ठेवा. दीडशेच्या जरा आतच 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' यायला पाहिजे. तेवढ्यात तुमच्या खात्यानं लॉगिन करा आणि सुडो (रूटच्या अधिकारानं कमांड चालवणं) लावून 'पीकिल -किल -यू' पुढं त्या चाचणी खात्याचं नाव द्या, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रोसेस बंद होतील. हे जमलं की पुढच्या तासाला ज्याचा लूप चुकला होता, त्याच पोराला तो पुन्हा लिहू द्या.