वाचक विचारतात : मिरवणूक कोणाच्या दारावरून जाते?

मागच्या अंकात उत्तर आयर्लंडमधल्या जुलै महिन्यातल्या मिरवणुका आणि तिथल्या भल्यामोठ्या होळ्यांवर एक छोटं टिपण छापलं होतं. त्यावर गावागावातून पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले, आणि बरेचसे प्रश्न फिरून आपल्याच गावावर येत होते. म्हणून यावेळचं पान त्यालाच.

प्रश्न : ताई, माझा चुलतभाऊ बेलफास्टला शिकायला आहे. त्यानं व्हिडिओ पाठवला, लाकडाचा एवढा उंच ढीग की बाजूची घरं छोटी दिसत होती, त्याच्या टोकावर दुसऱ्या लोकांचा झेंडा, आग लावली की खाली लहान लेकरं टाळ्या वाजवतात. दोन्हीकडचे ख्रिश्चनच आहेत म्हणे. एकच येशू, एकच बायबल, मंग भांडण कायचं?
(एक विद्यार्थिनी, ता. दर्यापूर)

भांडण जमिनीचं होतं गं, सुरुवातीला तरी. १६०९ पासून इंग्लंडच्या राजानं आयर्लंडच्या उत्तर भागात, ज्याला अल्स्टर म्हणतात, स्कॉटलंड आणि इंग्लंडमधून माणसं आणून वसवली, ती प्रोटेस्टंट होती, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या ते कॅथलिक. आपल्याकडे हातभर धुऱ्यासाठी दोन भावांच्या तीन पिढ्या कोर्टात जातात, इथं तर अख्खं शिवारच गेलं होतं. त्यात पुढं १६९० मध्ये बॉइन नदीच्या काठी लढाई झाली, प्रोटेस्टंट राजा विल्यमनं कॅथलिक राजा जेम्सला हरवलं, आणि तो विजय आजही दरवर्षी १२ जुलैला साजरा होतो, सरकारी सुट्टी असते त्या दिवशी. मिरवणुका काढणारी मुख्य संघटना ऑरेंज ऑर्डर, ती १७९५ मध्ये आर्मा जिल्ह्यात निघाली. खांद्यावर नारिंगी पट्टे, डोक्यावर गोल काळी टोपी, बासरीवाल्यांची पथकं, रंगवलेले मोठे मोठे बॅनर, काही भागात लँबेग नावाचा अजस्त्र ढोल. तुझ्या भावानं पाठवलेला व्हिडिओ आदल्या रात्रीचा म्हणजे ११ जुलैचा असणार, प्रोटेस्टंट वस्त्यांत त्या रात्री अशा होळ्या पेटतात.

पण तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईसाठी आज कोणी शेजाऱ्याचं घर जाळत नाही, मधल्या काळात काय झालं ते बघावं लागतं. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली, उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले आणि तिथं प्रोटेस्टंटांचं बहुमत पक्कं झालं. मग नोकऱ्यांमध्ये, नगरपालिकेची घरं वाटताना, वॉर्डांच्या सीमा आखताना कॅथलिकांना डावललं गेलं, आणि स्थानिक निवडणुकीत मत घराशी जोडलेलं होतं त्यामुळे ज्याला घर नाही त्याला मतही नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये डेरी शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि तिथून जे सुरू झालं ते तीस वर्षं चाललं. साडेतीन हजारांच्या वर माणसं मेली. सुरुवातीला उत्तर आयर्लंडची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपल्या आजच्या अकोला जिल्ह्यापेक्षाही कमी, त्यामुळे ज्याच्या नात्यात किंवा ओळखीत कोणीच गेलं नाही असं घर शोधूनच सापडेल.

धर्म तिथं देवाबद्दल कमी सांगतो, तू कोणाचा हे जास्त सांगतो. आडनाव, शाळेचं नाव, राहतो तो मोहल्ला, यावरून माणूस लगेच ओळखतात. आजही दहातली नऊ मुलं आपल्या आपल्या बाजूच्या शाळेत जातात, दोन्हीकडच्या मुलांसाठी मुद्दाम काढलेली पहिली शाळा १९८१ मध्ये बेलफास्टला सुरू झाली ती पालकांनी पुढाकार घेतला म्हणून. लेकरं टाळ्या वाजवतात हे तुला खटकलं ना, मलाही तेच सगळ्यात जास्त लागलं. ज्यांचा झेंडा जळतोय त्यांच्यातल्या एकाही मुलासोबत त्या लेकरानं डबा खाल्लेला नसतो.

प्रश्न : होळी आपणही पेटवतो, आपल्याकडे नागपूरला मारबत जाळतात. मग त्यांचं तेवढं वाईट आणि आपलं चांगलं, असं कसं म्हणता येईल?
(एक शिक्षक, ता. आर्वी)

सर, तसं मी म्हणतच नाही. त्यांच्या होळीतही पुष्कळ गोष्टी अशा आहेत की आपल्याकडचा माणूस लगेच ओळखेल. पोट्टे महिना-महिना आधीपासून लाकडं जमा करतात, मुख्यतः मालाचे लाकडी पॅलेट, रात्री राखण करतात कारण दुसऱ्या गल्लीचे येऊन चोरून नेतील किंवा आधीच पेटवून देतील, कोणाची उंच याची चढाओढ, आणि त्या रात्री बाहेरगावी गेलेली माणसं घरी येतात, सगळी गल्ली बाहेर. आपल्याकडे चाकोल्यांच्या माळा करणारी, घरोघरी गोवऱ्या मागणारी पोरं याहून वेगळी नाहीत. काही होळ्यांवर झेंडा वगैरे काहीच नसतो, नुसती लाकडं असतात.

मारबतीचं म्हणाल तर काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं नागपूरकर सांगतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तिच्यासोबत बडगे असतात, त्यांच्यावर महागाई, भ्रष्टाचार, रोगराई अशा पाट्या, आणि लोक ओरडतात की हे सगळं घेऊन जा गे मारबत. म्हणजे जे सगळ्यांनाच नको ते गावाबाहेर घालवायचं. डेरीमध्ये डिसेंबरात असाच एक मोठा पुतळा जाळतात, रॉबर्ट लंडीचा. १६८८-८९ मध्ये जेम्सच्या सैन्यानं त्या शहराला १०५ दिवस वेढा घातला होता, तेव्हा हा लंडी तिथला गव्हर्नर होता आणि तो शरण जायला निघाला म्हणून गद्दार ठरला. लक्षात घ्या, तो त्यांच्याच बाजूचा होता. आजही त्या बाजूचा कोणी समोरच्याशी बोलायला गेला की त्याला लंडी म्हणतात, आणि ही शिवी माणसाला घरी बसवते. मला तर वाटतं दुसऱ्यांचा झेंडा जाळण्याइतकंच हे घातक आहे, कारण बोलणी करायला जो उठेल तोच आधी जळतो.

फरक मी एवढ्यावरच करते की आगीत काय टाकलं. तिथं आयर्लंडचा तिरंगा, समोरच्या पक्षाचे निवडणुकीचे पोस्टर, हे नेहमीचंच. जुलै २०२५ मध्ये मॉयगॅशेल नावाच्या गावात होळीच्या टोकावर होडीत बसलेल्या स्थलांतरितांचे पुतळे ठेवून जाळले, म्हणजे ज्यांचा त्या जुन्या भांडणाशी काडीचा संबंध नाही ती माणसंही आता आगीत. शिवाय जिवाचा धोका वेगळाच. २०२२ मध्ये लार्न गावात एक होळी दोनशे फुटांपेक्षा उंच रचली होती, आणि त्याच गावात त्याच दिवसांत दुसऱ्या एका होळीवरून पडून एक माणूस मेला.

सुधारणाही झाल्या, तेही सांगायला पाहिजे. बेलफास्टच्या महापालिकेनं टायर आणि झेंडे न जाळायच्या अटीवर गल्लीतल्या कार्यक्रमाला पैसे दिले, काही ठिकाणी पॅलेटच्या ढिगाऐवजी लोखंडी जाळीचा शंकू ठेवून त्यात विलोच्या लाकडाचे तुकडे पेटवतात. आणि कॅथलिक बाजूला बघा, १९७१ च्या ऑगस्टमध्ये शेकडो लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं होतं त्याच्या निषेधात दरवर्षी होळ्या आणि दगडफेक व्हायची, पोरांचा जीव जायचा, तर पश्चिम बेलफास्टच्या लोकांनी १९८८ मध्ये त्याच दिवसांत स्वतःचा मोठा उत्सव सुरू केला, गाणी, नाटकं, वादसभा, तो आजही चालतो. बंदी घालून नाही झालं, पोरांना करायला दुसरं काहीतरी दिलं तेव्हा झालं.

प्रश्न : ताई, आमच्या गावात पयले मोहरमच्या सवाऱ्या निघायच्या तवा आमचे आजोबा पुढं असायचे, अन् गणपतीच्या विसर्जनाला मुसलमान मंडळी सरबत वाटायची. आता पोट्टे डीजे घेऊन मशिदीसमोर मुद्दाम थांबतात, तिकडूनही पोट्टे तयारच असतात. ठाण्यात शांतता कमिटीची मिटिंग होते, चहा पिऊन सारे घरी. काय कराव सांगजा.
(ग्रामपंचायत सदस्य, ता. दारव्हा)

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. काळजी खरी आहे, अचलपूरला एप्रिल २०२२ मध्ये एका गेटवरच्या झेंड्यावरून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, त्यानंतर अकोला, नागपूर. आपल्याकडचा इतिहास वेगळा आहे, जखमा वेगळ्या आहेत, तिथलं औषध इथं जसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणणार नाही, पण तिथल्या दोन गावांची गोष्ट तुम्हाला नक्की कामी येईल.

पहिलं गाव पोर्टाडाउन. तिथं ऑरेंजवाले ड्रमक्रीच्या चर्चमधून गार्व्हाही रोड या कॅथलिक वस्तीतून परत यायचे. रस्ता आमचा पिढ्यानपिढ्याचा, आम्ही जाणार, असं यांचं म्हणणं, आणि आमच्या दारात येऊन आम्हालाच हरवल्याचा ढोल कशाला वाजवता, असं त्यांचं. १९९५ पासून पुढची काही वर्षं दर जुलैत तिथं हजारो लोक, पोलीस, लष्कर, काटेरी तारा. आणि यात सगळ्यात वाईट काय तर ऑरेंजवाले वस्तीतल्या लोकांच्या समितीशी समोरासमोर बोलायलाच तयार नव्हते. १९९८ मध्ये मिरवणूक अडवली, देशभर जाळपोळ झाली, आणि १२ जुलैच्या पहाटे बॅलिमनी गावात एका घरावर पेट्रोल बॉम्ब टाकला, त्यात तीन सख्खे भाऊ मेले, लहान लेकरं होती. ऑरेंज ऑर्डरच्याच एका धर्मगुरूंनी प्रवचनात सांगितलं की आता त्या रस्त्यानं गेलो तरी तो पोकळ विजय असेल, तीन शवपेट्यांच्या सावलीतला. तेव्हापासून आजवर ती मिरवणूक त्या रस्त्यानं गेलेली नाही.

दुसरं गाव डेरी. तिथली प्रोटेस्टंट संघटना अप्रेंटिस बॉईज, त्या जुन्या वेढ्याची आठवण पाळणारी. यांच्याच ऑगस्ट १९६९ च्या मिरवणुकीवरून कॅथलिक बोगसाइड वस्तीत तीन दिवस लढाई झाली आणि ब्रिटिश लष्कर रस्त्यावर उतरलं. म्हणजे वैर पोर्टाडाउनपेक्षा कमी नव्हतं. पण १९९० च्या दशकाच्या शेवटी शेवटी इथले दोघं एका टेबलावर बसले. कोणी बसवलं? शहरातल्या व्यापाऱ्यांनी, कारण दरवर्षी ऑगस्ट आणि डिसेंबरात दुकानं बंद ठेवून त्यांचं दिवाळं निघत होतं. मिरवणूक बंद झाली नाही, कोणी माफी मागितली नाही, इतिहासावर एकमत तर आजही नाही. फक्त वेळ, रस्ता, किती पथकं, दारू पिऊन येणाऱ्या बाहेरच्या पथकांना आवर कोण घालणार, हे ठरलं. आणि अप्रेंटिस बॉईजनी मिरवणुकीच्या आठवड्यात उत्सव सुरू केला, आपला इतिहास काय आहे ते समोरच्यांनाही येऊन बघू द्या म्हणून.

सरकारनं १९९८ मध्ये कायदा करून परेड्स कमिशन नेमलं. मिरवणूक काढायची तर साधारणपणे २८ दिवस आधी रस्ता आणि पथकांची नावं द्यावी लागतात, आणि कमिशन अटी घालतं. बेलफास्टमध्ये एका कॅथलिक चर्चसमोरून जाताना कधी अट अशी असते की फक्त एका ढोलाचा एकेक ठोका द्यायचा, चालण्याची लय राहावी एवढाच, गाणं नाही. मला ही अट फार शहाणपणाची वाटते कारण मिरवणूक थांबत नाही आणि आतल्या माणसाच्या प्रार्थनेलाही धक्का लागत नाही.

तर तुमच्या गावासाठी माझं म्हणणं असं की ठाण्यातली मिटिंग होऊ द्या, ती पाहिजेच, पण ती सणाच्या चार दिवस आधी असते, तोवर डीजेचा अ‍ॅडव्हान्स दिलेला असतो आणि पोरांची डोकी तापलेली असतात. तुम्ही महिनाभर आधी गावात बसा. एकदा मारोतीच्या पारावर, एकदा दर्ग्याच्या ओट्यावर. नुसती म्हातारी माणसं आणि पुढारी नको, जे पोट्टे खरंच डीजेसमोर नाचतात आणि जे तिकडं गच्चीवर उभे राहतात ते दोन्हीकडचे पाच पाच पाहिजेत, आणि बायका पाहिजेत, कारण दगड पडला की बाजारहाट, पोरांची शाळा, मजुरीचा खाडा हे सगळं बायकांच्या अंगावर येतं. तुमच्याकडे कापसाचे व्यापारी, कृषी केंद्रवाले, किराणावाले दोन्ही बाजूंचे असतील, त्यांना पुढं करा, डेरीत त्यांनीच केलं. नमाजच्या वेळा आणि मिरवणुकीची वेळ कागदावर शेजारी शेजारी लिहा. मशिदीसमोर किती अंतर वाजवायचं नाही ते पावलं मोजून ठरवा, सवारी किंवा संदल मंदिरावरून जाईल तेव्हा तोच नियम, आणि तिथं उभं कोण राहणार त्याचं नाव लिहा, दोन्हीकडचं एकेक. बाहेरगावची पोरं आली तर ज्यांनी बोलावलं त्यांची जबाबदारी. आणि जो बोलायला जाईल त्याला घरभेदी म्हणायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत मोठ्यांनी सगळ्यांसमोर सांगावं. मोझरीला ऑक्टोबरात तुकडोजी महाराजांच्या मौन श्रद्धांजलीला तुमच्या भागातून पुष्कळ लोक जातात, तिथं सगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. तिथं जाणारी माणसं दोन्ही बाजूंना मान्य होतील, त्यांना मध्ये घ्या.

आजोबांच्या सवारीची गोष्ट मात्र पोट्ट्यांना सांगाच, नावानिशी सांगा, कोण पुढं होतं, कोण सरबत वाटत होतं, बहुतेकांना माहीतच नसतं.

प्रश्न : आयर्लंडच्या क्रिकेट टीममध्ये उत्तरेकडचे खेळतात का? मग ते स्वतःला ब्रिटिश म्हणतात का आयरिश?
(बारावीचा विद्यार्थी, ता. वरोरा)

खेळतात. क्रिकेट आणि रग्बीत अख्ख्या बेटाची एकच टीम आहे, फुटबॉलमध्ये मात्र दोन. मार्च २०११ मध्ये बंगलोरला वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडला हरवलं तेव्हा पन्नास चेंडूंत शतक ठोकणारा केव्हिन ओब्रायन डब्लिनचा आणि कॅप्टन विल्यम पोर्टरफिल्ड उत्तरेचा. राष्ट्रगीत कोणाचं म्हणायचं हा वाद नको म्हणून रग्बीवाल्यांनी १९९५ मध्ये वेगळंच गाणं करून घेतलं, क्रिकेटवालेही तेच वापरतात.

आणि ती तीस वर्षांची हिंसा थांबवायला झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारात लिहून ठेवलंय की उत्तरेत जन्मलेला माणूस ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही राहू शकतो, पासपोर्टही दोन्ही घेता येतात. २०२१ च्या जनगणनेत जवळपास ३२ टक्के लोकांनी फक्त ब्रिटिश लिहिलं, २९ टक्के फक्त आयरिश, आणि जवळपास २० टक्के लोकांनी फक्त नॉर्दर्न आयरिश. बाकीच्यांनी दोन-दोन, तीन-तीन लिहिली किंवा वेगळंच काही, त्यात बाहेरून येऊन तिथं राहिलेलेही आले.